तबकडीतला पाच किलोमीटरचा रस्ता

नागपूरच्या लकडगंजात राहणाऱ्याला भुशाची ओळख करून द्यावी लागत नाही. सकाळी आरामशीन सुरू झाली की थोड्याच वेळात खिडकीच्या चौकटीवर, माठाच्या झाकणावर, टीव्हीच्या पाठीमागे पिवळसर पीठ बसायला लागतं. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून सोनपापडीचा जुना पत्र्याचा डबा काढला, तेव्हा त्याच्या झाकणावरही तेच पीठ होतं. आत मात्र प्लेस्टेशनच्या अकरा डिस्क होत्या, त्यांतल्या काहींची खालची बाजू काळीभोर. शेजारच्या खोक्यात राखाडी रंगाचं मशीन, दोन कंट्रोलर आणि गुंडाळलेली वायर.

तेरा वर्षांच्या भाच्याने मशीन टीव्हीला जोडलं. पहिला आवाज आला, चिन्ह उमटलं, आणि पुढे काहीच नाही.

"मामा, हे डिस्क घेऊनच नाही राहिलं."

मशीनचा मेंदू शाबूत होता, डोळा म्हातारा झाला होता. अशा वेळी आजचा संगणक मदतीला येतो. एम्युलेटर नावाचा प्रोग्रॅम संगणकाला जुन्या मशीनचं सोंग घ्यायला लावतो: तोच प्रोसेसर, तीच चित्रांची चिप, तीच आवाजाची चिप, सगळं गणिताने उभं केलेलं. प्लेस्टेशनसाठी डकस्टेशन, प्लेस्टेशन २ साठी पीसीएसएक्स२ हे आजचे नावाजलेले एम्युलेटर. दोन्हींत 'स्टार्ट डिस्क' असा सरळ पर्याय आहे. कॅबिनेटमधल्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये डिस्क घाला आणि खेळा. आम्ही घातली. ड्राइव्ह घर्रर्र करून फिरला, मंदावला, टक् झालं, पुन्हा घर्रर्र. असं सहा-सात वेळा, आणि मग शांतता.

या घर्रर्र-टक्‌चा पाठलाग करताना पुढचे तीन आठवडे कसे गेले ते कळलं नाही. त्या आवाजात नेमकं काय चाललेलं असतं हे समजल्यावर मी डिस्क हातात घेतानाही जपून घ्यायला लागलो.

आमच्या गल्लीतून बाहेर पडलं की लाकडाच्या वखारी. तिथे सागाचा ओंडका आडवा कापला की वर्षावर्षाची वर्तुळं दिसतात, मधोमध रोपट्याचं पहिलं वर्ष आणि सालीजवळ शेवटचं. सीडीही अशीच मधून बाहेर वाचायची असते. ग्रामोफोनच्या तबकडीवर सुई काठावरून आत जायची, इथे उलट. फक्त सागात वर्तुळं सुटी असतात आणि सीडीत एकच अखंड वेढा असतो, एका वेढ्यापासून दुसरा १.६ मायक्रॉन अंतरावर. म्हणजे एका मिलिमीटरच्या रुंदीत ६२५ वेढे. आतल्या काठापासून बाहेरच्या काठापर्यंत वीस हजारांहून जास्त. हा वेढा उलगडून सरळ केला तर पाच किलोमीटरच्या वर भरतो, लकडगंजहून निघून सेंट्रल अव्हेन्यूने सीताबर्डी गाठायला पुरेल एवढा. आणि त्या सगळ्या रस्त्याची रुंदी अर्धा मायक्रॉन.

या रस्त्यात खड्डे आहेत, मुद्दाम केलेले. खड्ड्याची खोली साधारण लेझरच्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाएवढी असते. खड्ड्यातून परतलेला प्रकाश आणि सपाटीवरून परतलेला प्रकाश यांच्या लाटा एकमेकींच्या विरुद्ध पडतात आणि एकमेकींना विझवतात. उजेड मंदावला की खड्डा, उजळला की सपाटी. खड्ड्याचा काठ आला की १, तोवर सगळे ०. खेळातला डोंगर, गाडीचा आवाज, पात्राचं हसू, सगळं या उजेड-अंधाराच्या बदलांतून येतं.

आता ड्राइव्हचा विचार करा. डिस्क फिरताना कधीच अगदी सपाट फिरत नाही, कडेला ती अर्धा मिलिमीटरपर्यंत वरखाली होऊ शकते. लेझरचा बिंदू मात्र एक-दोन मायक्रॉनच्या आत नेमका टेकलेला हवा. म्हणून लेन्स दोन बारीक चुंबकी कॉइलींवर तरंगत ठेवलेली असते आणि परत आलेल्या उजेडाकडे बघून ती क्षणाक्षणाला स्वतःला वर-खाली, डावी-उजवीकडे हलवते. आमच्या ड्राइव्हचा टक् म्हणजे याच शोधाचा आवाज. लेन्स वर येते, फोकस शोधते, सापडत नाही, खाली जाते. मोटर वेग कमी करते, पुन्हा प्रयत्न. हार मानण्याआधी तो ड्राइव्ह किती वेळा प्रयत्न करतो हे ऐकलं की मला त्या यंत्राबद्दल आदर वाटतो.

मग भुसा काय करतो? मला आधी वाटायचं, डिस्कवर बसलेला कणच घात करत असणार. खड्डे अर्ध्या मायक्रॉनचे आणि भुशाचा कण त्याच्या शेकडो पट मोठा, म्हणजे रस्त्यावर दरड कोसळल्यासारखंच. पण सीडी बनवणाऱ्यांनी, फिलिप्स आणि सोनीच्या त्या अभियंत्यांनी, इथे एक फार देखणी युक्ती केली आहे. खड्डे डिस्कच्या खालच्या पृष्ठभागावर नाहीत. ते १.२ मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक प्लास्टिकच्या पलीकडे, लेबलाच्या अगदी खाली आहेत. लेझर प्लास्टिकमध्ये शिरतो तेव्हा त्याची शलाका पाऊण मिलिमीटर रुंद असते आणि आत जाऊन ती दोन मायक्रॉनच्या आत आवळली जाते. पृष्ठभागावरचा कण तिला अंधुक सावलीसारखा लागतो. चष्म्याच्या काचेवरचा ठिपका लांबचं झाड बघताना जाणवत नाही, तसंच.

म्हणून खरा शत्रू लेबलाच्या बाजूला आहे. खालच्या चरा भरून काढता येतात, पण वरच्या बाजूला ॲल्युमिनियमच्या पातळ थरावर फक्त काही मायक्रॉनचं वार्निश असतं. डब्यातली एक साधी चंदेरी सीडी मी खिडकीच्या उजेडासमोर धरली तर तिच्यात सुईच्या टोकाएवढे तीन प्रकाशाचे ठिपके दिसले. लहानपणी कुणीतरी त्या बाजूला बॉलपेनने नाव लिहिलं होतं. तेवढा रस्ता कायमचा गेला. डीव्हीडीत म्हणजे प्लेस्टेशन २ च्या बहुतेक खेळांत हा धोका कमी, कारण तिथे माहितीचा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये सारणासारखा असतो.

भुसा डिस्कवर चालून जातो, पण लेन्सवर बसला की नाही. तिथे तो डोळ्यात गेलेल्या कणासारखा. आम्ही ड्राइव्ह उघडून आधी रबरी पंपाने हवा मारली, तोंडाने नव्हे, कारण फुंकरीबरोबर ओल जाते. मग कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब लावून लेन्स अगदी हलक्या हाताने पुसली. काडीवर पिवळट डाग आला. भाचा म्हणाला, "मामा, हा तर आपल्या गल्लीतलाच भुसा आहे." असेलच. आरामशीन आणि आमचं घर यांत शंभर पावलांचंही अंतर नाही.

डिस्क पुसायचीही एक दिशा असते, आणि तिच्यामागे १९६० साली अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोघा गणितज्ञांनी मांडलेलं गणित आहे. सीडीवर माहिती ओळीने लिहिलेली नसते. प्रत्येक २४ बाइटांना ८ बाइट पडताळणीचे जोडतात आणि ते सगळे शंभराहून जास्त चौकटींत विखरून टाकतात. एके ठिकाणी चर पडली तर एका शब्दाचा पूर्ण घास जात नाही, शंभर शब्दांचं एकेक अक्षर जातं, आणि गणित ती अक्षरं परत आणतं. रस्त्याच्या लांबीत सुमारे अडीच मिलिमीटरचा सलग तुकडा नाहीसा झाला तरी मूळ मजकूर जसाच्या तसा मिळतो. आता कापड गोल फिरवलं आणि एक चर पडली तर ती रस्त्याच्या कडेकडेने सेंटिमीटरभर धावेल, गणिताच्या पलीकडे. मधून काठाकडे सरळ पुसलं तर पडलेली चर प्रत्येक वेढ्याला आडवी छेदून जाते, आणि प्रत्येक छेद भरून निघतो. म्हणून जुनी मऊ मलमल, कोमट पाणी, आणि हात मधून बाहेर.

पुसल्यावर पाच डिस्क लागल्या. बाकीच्यांसाठी वेग कमी केला. संगणकाचे सीडी ड्राइव्ह ५२ पट वेगापर्यंत धावतात, तेव्हा डिस्क मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या आसपास असते. पंचवीस वर्षांच्या थोड्या वाकलेल्या प्लास्टिकला तो वेग झेपत नाही. वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये वेग चार पटीवर बांधला की तोच ड्राइव्ह तीच डिस्क वाचतो. लॅपटॉपला जोडायचा बारीक बाहेरचा ड्राइव्ह असेल तर आधी वीज बघावी: यूएसबी २ च्या एका पोर्टातून ५०० मिलिॲम्पियरच मिळतात, मोटरला उचल घेताना ते अपुरे पडतात, आणि डिस्क खराब आहे असा गैरसमज होतो. कॅबिनेटच्या मागच्या पोर्टात लावा, दोन टोकांची वायर वापरा. आणखी एक अनुभव: एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हने विनातक्रार घेतली. डोळे प्रत्येकाचे वेगळे.

तरीही डिस्कवरून थेट खेळताना मध्येच चित्र अडकायचं. कारण संगणकाचा ड्राइव्ह काही वेळ कुणी काही मागितलं नाही की झोपतो. खेळाला मधूनच पुढचं गाणं हवं असतं, ड्राइव्ह उठतो, वेग घेतो, त्यात दोन-तीन सेकंद जातात. उपाय एकच, आणि तोच उत्तम: डिस्कची संपूर्ण प्रत, म्हणजे इमेज, एकदाच हार्ड डिस्कवर काढायची आणि तिच्यावरून खेळायचं. मूळ डिस्कचीही झीज थांबते. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, कायदेशीर मालकाने संगणक प्रोग्रॅम हरवण्या-बिघडण्यापासून वाचवण्यापुरती प्रत काढण्याची मुभा आहे. दुसऱ्याने काढलेली प्रत उतरवून घेणं ही वेगळी गोष्ट. एम्युलेटरला लागणारा मशीनचा बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम, ही सोनीची मालमत्ता, तोही आपल्याच मशीनमधून काढायचा.

इमेज काढताना आम्ही पहिली चूक केली ती सगळेच करतात. आयएसओ प्रकारची इमेज काढली. खेळ सुरू झाला, पण मुका. संगीत नाही, मधल्या चित्रफिती नाहीत.

याचं कारण सीडीच्या एका सेक्टरात दडलेलं आहे. एका सेक्टरात २३५२ बाइट मावतात. प्रोग्रॅमच्या सेक्टरात त्यातले २०४८ कामाचे, आणि २७६ फक्त दुरुस्तीसाठी ठेवलेले, वर सांगितलेल्या गणिताच्या भरीला आणखी एक पहारा. कारण प्रोग्रॅममधला एक बिट चुकला तर खेळ कोसळतो. आवाजात एखादी बारीक चूक झाली तर कुणाला कळतही नाही. म्हणून प्लेस्टेशनच्या खेळांत चित्रफितींसोबतच्या आवाजाच्या सेक्टरांतून तो जास्तीचा पहारा काढून टाकलेला असतो आणि ती जागाही मालासाठी मोकळी केलेली: २३२४ बाइट. काही खेळांत तर संगीत साध्या गाण्यांच्या सीडीसारखं वेगळ्या ट्रॅकवर, पूर्ण २३५२ बाइट वापरून. आयएसओ मात्र प्रत्येक सेक्टरातले २०४८ उचलते आणि पुढे जाते. उरलेलं सांडतं.

म्हणून प्लेस्टेशनसाठी बिन आणि क्यू अशी जोडी लागते. बिनमध्ये सेक्टर पूर्णच्या पूर्ण. क्यू ही साधी मजकुराची फाइल, नोटपॅडमध्ये उघडते. तिच्यात बिनचं नाव, मग पहिला ट्रॅक मोड २ आणि २३५२ असा, मग प्रत्येक ट्रॅक कुठे सुरू होतो त्याची मिनिटं, सेकंद आणि सेकंदाचे पंचाहत्तरावे भाग. भाच्याने हौसेने बिनचं नाव बदलून खेळाचं मराठी नाव दिलं आणि एम्युलेटर म्हणाला, डिस्क सापडत नाही. क्यूमध्ये जुनंच नाव होतं. एक ओळ दुरुस्त केली, खेळ सुरू. मला विचाराल तर निम्म्या लोकांच्या डिस्कच्या तक्रारी या एका ओळीत मिटतील.

अकरापैकी एक खेळ फार विचित्र वागला. इमेज निर्दोष, सुरुवात छान, आणि एका ठरावीक जागी दर वेळी गोठायचा. आपल्याकडे बहुतेक डिस्क युरोपच्या, पाल पद्धतीच्या आल्या, आणि त्या काळी अशा काही खेळांवर लिबक्रिप्ट नावाचं कुलूप असायचं. सीडीवर मुख्य माहितीच्या बाजूने एक बारीक झरा वाहतो, त्यात आपण डिस्कवर कुठे आहोत ही वेळ लिहिलेली असते. कुलूप करणाऱ्यांनी ठरावीक सेक्टरांत ती वेळ मुद्दाम चुकीची लिहिली. साधी प्रत काढताना हा झरा कुणी घेत नाही, चुका हरवतात, आणि खेळ त्या चुकाच शोधत असतो. चूक नाही म्हणजे ही नक्कल, असा त्याचा निवाडा. इमेजसोबत तो झरा टिपणारी छोटी फाइल ठेवली की खेळ पुढे चालतो.

काळ्या डिस्कचं तर मला अजून नवल वाटतं. डोळ्याला ती डांबरासारखी काळी. पण सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, दृश्य प्रकाशाच्या पलीकडे, अवरक्त, आणि त्याच्यासाठी तेच प्लास्टिक काचेसारखं स्वच्छ. अस्सल डिस्कची खरी पारख मात्र रंगात नव्हती. डिस्कच्या सुरुवातीच्या भागात सोनी रस्त्यालाच किंचित नागमोडी करायची, आणि त्या थरथरीत कोणत्या प्रदेशाची डिस्क ते लिहायची. घरचा रायटर तशी थरथर उमटवू शकत नाही. म्हणून नक्कल डिस्कसाठी मशीनमध्ये चिप बसवावी लागायची. संगणकाचा ड्राइव्ह ती थरथर वाचून पुढे कळवतच नाही. तिथे एम्युलेटर स्वतःच पारखीचं काम उरकून घेतो.

दुसऱ्या मशीनांच्या डिस्क घेऊन बसलात तर सगळेच उपाय लागू पडणार नाहीत. ड्रीमकास्टच्या डिस्कचा मोठा भाग इतका दाट लिहिलेला की साधा ड्राइव्ह फक्त आतला छोटा भाग वाचतो. गेमक्यूबच्या आठ सेंटिमीटरच्या चकत्या मोजके ड्राइव्ह सोडून कुणी घेत नाही. ड्राइव्ह बिघडला नसतो, त्याला ती भाषाच येत नसते. प्लेस्टेशन २ चं मात्र बरं आहे. हैदराबादेत घडलेला २००९ चा 'हनुमान: बॉय वॉरियर' असो की मुंबईच्या ट्राइन गेम्सचा 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स', या भारतात घडलेल्या खेळांच्या डिस्क साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये वाचता येतात. त्या थोड्याच छापल्या गेल्या असतील असं मला वाटतं, म्हणून कुणाच्या माळ्यावर असतील तर त्यांची प्रत आजच काढून ठेवावी. नागपूरच्या मे महिन्यात माळ्यावरचा पत्र्याचा डबा कसा तापतो ते आपल्याला माहीत आहे.

या सगळ्यात मला सर्वांत खोल वाटलेली गोष्ट शेवटी कळली. हार्ड डिस्कवरची इमेज क्षणात वाचता येते, मग एम्युलेटरमध्ये खेळ उघडायला एवढा वेळ का? कारण एम्युलेटर थांबतो. मुद्दाम. प्लेस्टेशनचा ड्राइव्ह दुप्पट वेगाचा, सेकंदाला ३०० किलोबाइट. मशीनची २ मेगाबाइट मेमरी भरायला सात सेकंद लागत. खेळ लिहिणाऱ्यांनी ही सात सेकंदं धरूनच सगळं रचलं. 'रेसिडेंट ईव्हिल'मधलं सावकाश उघडणारं दार म्हणजे पुढची खोली डिस्कवरून येईपर्यंतचा वेळ. 'क्रॅश बँडिकूट'मध्ये खेळाडू धावत असतानाच पुढची वाट तुकड्यातुकड्याने आत ओढली जाते. काही खेळांत आवाज आणि चित्र यांचा मेळही ड्राइव्हच्या चालीवर बसवलेला. माहिती फार लवकर आली तर हे खेळ गोंधळतात. म्हणून एम्युलेटर लेन्स आतून बाहेर सरकायला किती वेळ लागला असता ते मोजतो, डिस्कचा वेग धरायला किती लागला असता ते मोजतो, आणि तेवढा वेळ हात बांधून उभा राहतो. नसलेली डिस्क, नसलेली मोटर, नसलेली लेन्स, आणि त्यांच्यासाठी खरीखुरी वाट पाहणं. डकस्टेशनमध्ये वाचनाचा वेग वाढवण्याचा पर्याय आहे, पण एखादा खेळ अडखळत असेल तर आधी तो पर्याय बंद करून बघावा.

डब्यातली अकरावी डिस्क 'व्हिब-रिबन'ची होती, १९९९ ची. काळा पडदा, त्यावर पांढऱ्या रेषांची व्हिब्री नावाची सशाची पोर, आणि ती चालते तीही एका रेषेवर. हा खेळ स्वतः पूर्ण मेमरीत जाऊन बसतो आणि डिस्कची जागा मोकळी करतो. मग सांगतो, तुमची कुठलीही गाण्याची सीडी घाला. गाणं ऐकत ऐकत तो त्याच्या ठोक्यांवर अडथळे रचत जातो: ठोकळा, वळसा, लाट आणि खड्डा.

आईच्या कपाटात अभंगांची एक सीडी होती. ती पुसली, मधून बाहेर, चार पट वेगाने बिन आणि क्यू काढली, आणि एम्युलेटरमध्ये 'चेंज डिस्क' करून ती दिली. क्षणभर काही नाही. ड्राइव्ह शांत, तो तर रिकामाच होता. मग टाळ वाजले. रेषा थरथरली, मृदंगाच्या पहिल्या थापेवर तिच्यात एक खड्डा उमटला, आणि व्हिब्रीने तो ओलांडला.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "हे काय चालू आहे रे? माझे अभंग ना हे?"

"हो आजी," भाचा पडद्यावरून नजर न हटवता म्हणाला, "थांब ना, लाट येऊन राहिली."